एकही गोळी घेतलेली नाही, तरी एचआयव्ही औषधाला दाद देत नाही: हे कसं घडतं?

रेणुबंध (धागालेखिका)

एचआयव्हीच्या जनुकीय चाचणीचे रिपोर्ट वाचणं हे माझं रोजचं काम. उपचार सुरू होण्याआधी घेतलेल्या रक्तात औषध-प्रतिरोधाची खूण सापडली की बहुतेक वेळा पहिली प्रतिक्रिया अशी येते: "यांनी आधी कुठेतरी गोळ्या घेऊन सोडल्या असणार. आता लपवताहेत." कधीकधी ते खरंही असतं. पण अनेकदा नसतं, आणि नुकतंच निदान झालेल्या माणसावर पहिल्याच भेटीत खोटेपणाचा शिक्का बसतो. याचं मला फार वाईट वाटतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी विषाणूची तऱ्हा. एचआयव्हीचा जनुकसंच आरएनएचा, सुमारे ९,७०० अक्षरांचा. पेशीत शिरला की रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज हे विकर त्याची डीएनए प्रत काढतं. लिहिलेलं तपासून पाहण्याची सोय या विकराकडे नाही. मागे वळून न वाचता पोथी उतरवत जाणाऱ्या लेखनिकासारखं त्याचं काम चालतं. साधारण दर तीन प्रतींमागे एक चूक राहून जाते. उपचार नसलेल्या माणसाच्या शरीरात दिवसाला सुमारे १,००० कोटी नवे विषाणू तयार होतात. म्हणजे कुठल्याही एका अक्षराची कुठलीही चूक रोज कुठे ना कुठे होतेच. एखाद्या औषधाला चुकवणारा विषाणू, ते औषध पोटात जाण्याआधीच, रक्तात कुठेतरी असतो.

मग उपचार न घेतलेल्या प्रत्येकातच प्रतिरोध आहे असं समजायचं का? नाही. औषध नसताना त्या बदलाचा विषाणूला काहीच उपयोग नसतो, उलट बरेचदा वाढ मंदावते. मूळ प्रकार जोमाने वाढतो आणि हे बदललेले विषाणू लाखांत एखादा असे मागे राहतात. नेहमीच्या सँगर पद्धतीच्या चाचणीला साधारण १५ ते २० टक्क्यांहून कमी प्रमाणात असलेला प्रकार दिसतही नाही. तीन औषधं एकत्र देण्यामागचं गणितही हेच: तिन्हींना चुकवणारे बदल एकाच विषाणूत योगायोगाने एकदम जमून येणं जवळजवळ अशक्य.

तेव्हा उपचाराआधीच्या रिपोर्टमध्ये ठळक दिसणारा प्रतिरोध रोजच्या चुकांतून आलेला नसतो. तो बहुधा संसर्गाबरोबरच आलेला असतो. लैंगिक संसर्गात बहुतेक वेळा एकाच विषाणूपासून पुढची सगळी वंशावळ वाढते. तो पहिला विषाणूच प्रतिरोधी असेल तर त्याची सगळी संततीही तशीच. मूळ, औषधाला दाद देणारा प्रकार त्या शरीरात कधी आलेलाच नसतो, मग त्यांना मागे सारणार कोण?

आणि हे आजचं नाही. एझेडटी, म्हणजे झिडोव्हुडीन, हे पहिलं औषध १९८७ साली मंजूर झालं. १९८९ मध्ये त्याला न जुमानणारे विषाणू प्रयोगशाळेत सापडले आणि १९९३ मध्ये असा विषाणू नव्या माणसाला संसर्गातून मिळाल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आली. तीस वर्षांहून जुनी माहिती आहे ही. तरी आजही निदान झालेल्या माणसाला आरोपीसारखं विचारलं जातं.

---

अश्वत्थ

अगदी आवश्यक विषय. एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं, देणारा डॉक्टर म्हणून थोडी भर.

न घेतलेल्या औषधाचा प्रतिरोध सर्वात जास्त दिसतो तो एफाव्हिरेन्झ आणि नेव्हिरापीन या दोघांना. दोन्ही एनएनआरटीआय गटातली (रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेजला अडवणाऱ्या औषधांचा एक गट), आणि या गटाची अडचण अशी की एकच बदल पुरतो. के१०३एन हा तो प्रसिद्ध बदल. विषाणूच्या वाढीला त्याचा फारसा त्रास होत नाही, त्यामुळे औषध नसतानाही तो वर्षानुवर्षं टिकतो आणि एका माणसातून दुसऱ्यात जात राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या अहवालात १८ पैकी १२ देशांत, नव्याने उपचार सुरू करणाऱ्यांमध्ये या गटाचा प्रतिरोध १० टक्क्यांहून जास्त आढळला होता. आणि स्त्रियांमध्ये १२ टक्के, पुरुषांमध्ये ८.

१० टक्के हा आकडा महत्त्वाचा, कारण त्यापुढे गेलं की पहिली लाइन, म्हणजे सुरुवातीलाच द्यायची औषधं, बदलावी असं संघटनेनेच ठरवलं होतं. डोल्युटेग्रॅव्हिर हे वेगळ्या गटातलं औषध इतक्या झपाट्याने सगळीकडे आलं त्यामागे हेही एक मोठं कारण.

---

मुक्तछंद

दोन शंका. एक, उपचार न घेता माणूस बरीच वर्षं राहिला तर त्याचा विषाणू आणखी आणखी निबर होत जातो का? दोन, तसं नसेल, तर गोळ्या उशिरा सुरू करून औषधं पुढच्यासाठी राखून ठेवणं शहाणपणाचं नाही का? माझ्या ओळखीतल्या एकाने अगदी हाच विचार करून उपचार लांबवले आहेत.

---

रेणुबंध

पहिल्या शंकेचं उत्तर: नाही. औषधाचा दाब नसेल तर प्रतिरोध वाढत नाही. प्रतिरोध वाढतो तो अर्धवट औषधात. म्हणजे रक्तात औषध आहे, पण विषाणूची वाढ पूर्ण थांबवण्याइतकं नाही, अशा स्थितीत. उलट संसर्गातून आलेले काही बदल काळाबरोबर पुसटही होतात. लॅमिव्हुडीनला निकामी करणारा एम१८४व्ही हा बदल विषाणूला बराच जड जातो, म्हणून औषध नसताना तो मागे पडतो. त्यामुळे उपचार न घेतलेल्या लोकांत तो क्वचित दिसतो. पण यात एक मेख आहे. ज्याने औषध घेऊन सोडलं, त्याच्या शरीरात मूळ प्रकार साठून राहिलेला असतो. तो काही आठवड्यांत पुन्हा वर येतो. संसर्गातूनच प्रतिरोधी विषाणू आला असेल तर मूळ प्रकार साठ्यात नसतोच. तिथे विषाणूला एकेक अक्षर बदलत मागे यावं लागतं, आणि त्याला बराच जास्त वेळ लागतो.

याचं मला सर्वात विलक्षण वाटणारं उदाहरण म्हणजे विषाणूच्या जनुकातली टी२१५ ही जागा. एझेडटीच्या दाबाखाली तिथे दोन अक्षरं बदलतात आणि टी२१५वाय तयार होतो. औषध नसलेल्या नव्या शरीरात गेल्यावर विषाणू मागे यायला बघतो, पण दोन्ही अक्षरं एकदम पालटणं कठीण, म्हणून अर्ध्या वाटेवर थांबतो: टी२१५डी, टी२१५एस, टी२१५सी. रिपोर्टमध्ये यांपैकी काही दिसलं की कळतं, या विषाणूच्या वंशात मागे कधीतरी कुणीतरी एझेडटी घेतलं होतं. समोरच्या माणसाने ते नाव ऐकलेलंही नसेल. हा बदल स्वतः औषधाला फारसा अडवत नाही, पण मागचा इतिहास सांगून जातो.

दुसरी शंका मात्र धोक्याची आहे. तुमच्या ओळखीच्यांना कृपया सांगा की औषधं राखून ठेवल्याने वाचत नाहीत, शरीर मात्र खर्ची पडतं. स्टार्ट नावाच्या मोठ्या अभ्यासात सीडी-फोर (रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींची मोजणी) ५००च्या वर असणाऱ्या लोकांनाच घेतलं होतं. २०१५ मध्ये निकाल इतका स्पष्ट झाला की सगळ्यांनाच लगेच उपचार देण्यात आले. लगेच सुरू करणाऱ्यांत गंभीर आजार आणि मृत्यूचं प्रमाण निम्म्याहूनही खाली आलं होतं. त्याच वर्षी "सीडी-फोर कितीही असो, उपचार सुरू करा" अशी जागतिक शिफारस आली. शिवाय उपचार नसताना व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, चढा राहतो आणि जोडीदाराला संसर्ग होऊ शकतो, प्रतिरोधी विषाणू असेल तर तोच.

---

सावली_१२

मी इथे फक्त वाचत असते. पहिल्यांदाच लिहिते आहे.

माझ्या निदानानंतर लगेच केलेल्या चाचणीत के१०३एन निघालं. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही. पण टेबलाच्या पलीकडून पुन्हा पुन्हा विचारलं गेलं, "खरं सांगा, आधी गोळ्या घेतल्या होत्या ना?" मी नाही म्हटलं की कागदावर काहीतरी लिहिलं जायचं. घरी येऊन मीच आठवत बसायची की कधी तापाच्या गोळीतून तर नाही ना गेलं काही. आज रेणुबंधताईंचं वाचून पहिल्यांदा नीट समजलं की माझ्याकडून काही झालंच नव्हतं.

आता डोल्युटेग्रॅव्हिरच्या गोळीवर आहे, व्हायरल लोड सापडत नाही इतका खाली आहे. एक विचारायचं होतं. विषाणूचा सगळा इतिहास रिपोर्टमध्ये दिसतो, तर तो कुणाकडून आला हेही कळतं का?

---

रेणुबंध

सावलीताई, लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. तापाच्या गोळीतून हे होत नाही. ती शंका आजच मनातून काढून टाका.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: रिपोर्टवरून ते सांगता येत नाही. दोन विषाणूंचे क्रम एकमेकांच्या किती जवळचे आहेत हे मोजता येतं. पण जवळचे असले तरी कुणाकडून कुणाकडे गेला हे त्यावरून सिद्ध होत नाही. मध्ये तिसरं, चौथं माणूस असू शकतं, किंवा दोघांनाही तिसऱ्याकडूनच मिळालेला असू शकतो. माझं स्पष्ट मत आहे की हा कागद घरातल्या भांडणात पुरावा म्हणून कधीही वापरला जाऊ नये. त्यात तेवढी ताकदच नाही.

दुसरं असं की ज्यांच्याकडून तो आला त्यांनीही कदाचित कधी औषध घेतलेलं नसेल. प्रतिरोधी विषाणू उपचार न घेतलेल्याकडून उपचार न घेतलेल्याकडे असाही फिरतो. के१०३एनसारखा टिकाऊ बदल असेल तर साखळीत कितीतरी माणसं मागे कुणा एकाने कधीतरी गोळ्या घेतल्या असतील, आणि त्याही त्याच्या चुकीने अर्धवट राहिल्या असतील असं नाही.

---

अश्वत्थ

या शेवटच्या वाक्यावर मला थांबायचं आहे, कारण त्यामागे खूप मोठा इतिहास आहे.

१९९९ साली युगांडातल्या अभ्यासातून दिसलं की बाळंतपणाच्या वेळी आईला नेव्हिरापीनची एक गोळी आणि बाळाला एक डोस दिला तर बाळाला होणारा संसर्ग, तुलनेसाठी दिलेल्या एझेडटीच्या छोट्या कोर्सपेक्षा, जवळपास निम्म्यावर येतो. स्वस्त, सोपं, आणि त्या काळी अनेक देशांत दुसरं काही परवडतच नव्हतं. त्या एका गोळीने असंख्य बाळं वाचली, यात शंका नाही. पण नेव्हिरापीन शरीरातून फार हळू उतरतं. एका डोसनंतर दोन-तीन आठवडे ते रक्तात रेंगाळतं, एकटंच, सोबतीला दुसरं औषध नाही. बऱ्याच आयांच्या शरीरात तेवढ्यात प्रतिरोध तयार झाला. त्या बायकांनी काय चुकवलं होतं? सांगितलेली गोळी सांगितलेल्या वेळी घेतली. स्त्रियांमधला आकडा जास्त दिसतो त्यामागचं हे एक कारण मानलं जातं.

आणि बाळं. २०१९च्या त्याच अहवालानुसार सहाराच्या दक्षिणेकडच्या नऊ आफ्रिकी देशांत २०१२ ते २०१८ या काळात निदान झालेल्या तान्ह्या बाळांपैकी जवळपास निम्म्यांच्या विषाणूत एफाव्हिरेन्झ किंवा नेव्हिरापीनचा प्रतिरोध होता. उपचाराची पहिली मात्रा मिळण्याआधीच. बेफिकिरीचा आरोप करणाऱ्यांनी या बाळांचा विचार करावा.

---

औषधी

फार्मसीच्या बाजूने. हेच एफाव्हिरेन्झच्या बाबतीत घडायचं. तीन औषधांची एकत्र गोळी अचानक बंद झाली, मग ती रुग्णाने सोडली म्हणून असो की साठा संपला म्हणून, बाकी दोघांचा असर आधी ओसरतो आणि एफाव्हिरेन्झ बरेच दिवस एकटं उरतं. रुग्णाला वाटतं "सगळंच बंद आहे", पण विषाणूला एकाच औषधाशी सामना असतो. साठा संपणं ही माझ्या दृष्टीने प्रतिरोधाची सर्वात टाळता येण्यासारखी वाट आहे. तिथे रुग्णाचा काहीही दोष नसतो.

डोल्युटेग्रॅव्हिर घेणाऱ्यांसाठी एक सूचना: कॅल्शियम, लोह आणि काही आम्लपित्ताची औषधं पोटात त्याला बांधून ठेवतात. ही घ्यायची असतील तर डोल्युटेग्रॅव्हिर त्यांच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर. क्षयरोगासाठी रिफाम्पिसिन चालू असेल तर डोल्युटेग्रॅव्हिर दिवसातून दोनदा लागतं. तुमच्या सगळ्या गोळ्यांची यादी एआरटी देणाऱ्याला दाखवाच.

---

कोरी_पाटी

संसर्ग होऊ नये म्हणून आधीच घ्यायच्या गोळ्या, प्रेप, त्यानेही प्रतिरोध होतो असं ऐकलं. मग ती घ्यावी की नको?

---

अश्वत्थ

गरज असेल तर जरूर घ्यावी. संसर्गच झाला नाही तर प्रतिरोधाचा प्रश्नच येत नाही.

धोका एका ठिकाणी आहे. संसर्ग नुकताच झालेला आहे, चाचणीत अजून दिसत नाही, आणि त्याच दिवसांत प्रेप सुरू झालं. प्रेपच्या गोळीत दोनच औषधं असतात. झालेला संसर्ग दाबायला ती पुरत नाहीत आणि एम१८४व्हीला वाट मिळते. २०१०च्या आयप्रेक्स अभ्यासात नेमकं हेच दिसलं: ज्यांना सुरुवातीलाच, न कळलेला संसर्ग होता, त्यांच्यात प्रतिरोध निघाला. म्हणून सुरू करण्याआधी चाचणी, मधल्या काळात ठरलेल्या अंतराने चाचणी, आणि नुकताच ताप, पुरळ, घसा सुजणं असं झालं असेल तर ते न लपवता सांगणं. कॅबोटेग्रॅव्हिरच्या लांब टिकणाऱ्या इंजेक्शनबाबत ही काळजी अधिकच, कारण ते महिनोन्‌महिने शरीरात राहतं आणि डोल्युटेग्रॅव्हिरच्याच कुळातलं आहे.

---

पारिजात

मी समुपदेशक आहे. सावलीताईंचा अनुभव वाचून वाईट वाटलं, आणि आमच्या कामाबद्दल बोलणं भाग आहे.

आधी औषध घेतलं होतं का, हे विचारावंच लागतं. उत्तराने उपचार बदलू शकतो. पण कसं विचारतो यावर खरं उत्तर मिळतं की नाही ते ठरतं. "गोळ्या सोडल्या होत्या ना?" यात निवाडा आधीच आहे. मी असं विचारते: "बऱ्याच जणांना पूर्वी काही कारणाने या औषधांचा संबंध आलेला असतो. गरोदरपणात, सुई टोचल्यानंतरच्या २८ दिवसांच्या कोर्समध्ये, प्रेप म्हणून, किंवा घरातल्या कुणाच्या गोळ्यांतून. तुमचं असं काही झालंय का?" माणसं सांगतात. काही जणांना आठवत नाही, काही जणांना कुठली गोळी दिली हे कुणी सांगितलेलंच नसतं. आणि नाही म्हटलं, तर ते नाही म्हणून लिहायचं. विषय तिथे संपतो.

रिपोर्ट काय सांगतो त्यापेक्षा पहिल्या भेटीत माणूस परत येईल असं वागणं मला जास्त मोलाचं वाटतं. अपमान झालेला माणूस पुढच्या तारखेला येत नाही. मग खरोखरच गोळ्या चुकतात.

---

मुक्तछंद

ओळखीच्यांना धागा वाचायला दिला आहे. ते तयार होताहेत. पण आता त्यांना उलटी भीती बसली आहे: प्रतिरोधाची चाचणी झाल्याशिवाय गोळ्या सुरू केल्या आणि त्या लागूच पडल्या नाहीत तर? न्यूयॉर्कमध्ये कुठल्याच औषधाला दाद न देणारा विषाणू निघाला होता असंही त्यांनी कुठेतरी वाचलंय.

---

रेणुबंध

न्यूयॉर्कची घटना २००५ची. नुकताच संसर्ग झालेल्या एका व्यक्तीत त्या वेळच्या चारपैकी तीन औषधगटांना प्रतिरोध आणि आजाराची वेगवान वाढ, असं दोन्ही एकत्र दिसलं, म्हणून तिथल्या आरोग्य विभागाने इशारा दिला होता. त्यातून भीती होती तशी साथ पसरली नाही. त्यानंतर कितीतरी नवी औषधं आली. त्या बातमीवरून आज उपचार अडवून धरू नका.

चाचणीसाठी थांबायची गरज नाही. जिथे सोय आहे तिथे पहिल्या गोळीच्या आधी रक्त काढून ठेवावं, गोळी सुरू करावी, आणि रिपोर्ट आल्यावर गरज पडली तर बदल करावा. (मेंदूज्वराची शंका असेल तर मात्र आधी त्याचा उपचार. ते डॉक्टर ठरवतील.) सोय नसेल तरी डोल्युटेग्रॅव्हिरवर सुरुवात करणं सुरक्षित मानलं जातं. त्याचं कारण असं: हे औषध विषाणूच्या इंटिग्रेज विकराला फार घट्ट धरून बसतं. प्रयोगशाळेतल्या मोजणीत त्याची पकड अर्ध्यावर यायला सुमारे ७१ तास लागले, त्याच कुळातल्या जुन्या राल्टेग्रॅव्हिरला ९ तासांच्या आसपास. एखाद्या बदलाने ती पकड सहज सुटत नाही. आणि के१०३एनचा त्याच्यावर काहीच परिणाम नाही, कारण ते वेगळ्याच विकरावर काम करतं.

तरी ते अजिंक्य नाही. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दिलेले आकडे उपचार घेत असूनही विषाणू न दबलेल्या लोकांमधले आहेत. त्यांत डोल्युटेग्रॅव्हिरचा प्रतिरोध ३.९ ते ८.६ टक्के, आणि व्हायरल लोड चढा असताना जुन्या औषधांवरून बदललेल्यांत १९.६ टक्क्यांपर्यंत. उपचार न घेतलेल्यांमध्ये असा प्रतिरोध आजवर क्वचित आहे. पण एफाव्हिरेन्झचं जे झालं ते पाहिलेल्या कुणालाही यावर नजर ठेवावीशी वाटेल. म्हणून त्यांनी सुरू केल्यानंतर ठरलेल्या वेळी व्हायरल लोड करून घ्यावा, तो चुकवू नये. तो खाली गेला की औषध लागू पडलं, यापेक्षा पक्का पुरावा दुसरा नाही.

---

सावली_१२

शेवटचं एक. माझा जुना रिपोर्ट आता फाटायला आलाय. व्हायरल लोड सापडतच नाही म्हटल्यावर तो ठेवायची गरज आहे का?

---

रेणुबंध

आहे, सावलीताई. नक्की ठेवा. विषाणूची प्रत तुमच्या काही पेशींत सुप्त पडून असते आणि त्यात तो बदल कायम नोंदलेला असतो. पुढे कधी औषध बदलायचं ठरलं तर नवी चाचणी त्या वेळी होईलच असं नाही. व्हायरल लोड ५०० ते १,०००च्या खाली असेल तर नेहमीची चाचणी बहुधा जमतच नाही. आणि जमली तरी जुना बदल तिच्यात दिसेलच याची खात्री नाही. तेव्हा हा जुना कागदच उपयोगी पडेल. फोटो काढून ठेवा, एक प्रत एआरटीच्या फाइलमध्ये लावायला सांगा. इंटिग्रेजची तपासणी बऱ्याच ठिकाणी वेगळी मागवावी लागते, तुमच्या रिपोर्टमध्ये ती आहे का तेही पुढच्या भेटीत विचारून घ्या.